चाळीस दिवसांपूर्वीचं पाणी

कावीळ डोळ्यांत दिसते, त्या दिवशी ती जुनी झालेली असते.
म्हणून मी दारात उभी राहून विचारते,
"चाळीस दिवसांपूर्वी पाणी कुठलं प्यायलात?"
आणि माणसं बघत राहतात,
जसा मी त्यांना मागच्या जन्माचा पत्ता विचारलाय.

"आता ते कुठलं ध्यानात ऱ्हातंय बाई? नळाचंच की.
पाचला येतोय, सहाला जातोय.
बसा, गूळ खावा."

गूळ येतो. गुळासोबत तांब्या येतो.
माझ्या पिशवीत प्रयोगशाळेतून भरून आणलेली बाटली,
आणि तांब्या धरलेला तो हात
काही केल्या खाली येत नाही.
त्या आठवड्यात मला चार निर्जळी उपास होते.

कुंभार बोळातली एकोणीस घरं. नकाशावर एकोणीस ठिपके.
कुणाच्या गळ्यात काविळीची माळ, उतरत्या आजारासोबत लांबणारी,
कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुतलेले,
पाणी पिवळं झालं म्हणून निश्चिंत.
मी हसत नाही.
औषध माझ्याकडेही नाही,
प्रश्नावली आहे,
आणि पाच मिली रक्त न्यायची परवानगी.

ठिपके काही केल्या रेषेत येईनात.
तेव्हा टिपुगडे मामा भेटले, चावीवाले.
खांद्यावर छातीइतकी उंच लोखंडी चावी.
त्यांनी नकाशा उलटा धरला, मग सुलटा, मग बाजूला ठेवला
आणि चपलेच्या टोकानं मातीत रेघ ओढली.
"ह्यो पाइप आज्जाच्या वेळचा. हितनं जातोय, नाल्याच्या पोटाखालनं.
पाणी चालू असलं की कायबी न्हाई.
बंद झालं की मोकळा पाइप
तान्ह्या पोरागत वढतोय, मिळंल ते."

मिळंल ते.
वहीत मी तेवढंच लिहिलं.

शीतपेटीत नाल्याची बाटली
रक्ताच्या नळ्यांशेजारी ठेवताना उगाच वाटलं,
यांची ओळख आधीचीच आहे.
यंत्रानं रात्रभर वाचलं.
विषाणूचा एवढासा तुकडा, तीनशे अठ्ठेचाळीस अक्षरं,
सगळी मिळून चारच अक्षरांची बाराखडी.
नाल्यातला आणि के-एकतीसमधला,
एका अक्षराचाही फरक नाही.
सादिक म्हणाला, "जुळलं!"
आणि टाळीसाठी उचललेला हात
त्यानं केसांतून फिरवला.

के-एकतीस. वय तेवीस. आठवा लागलेला.
अहवालात नाव लिहायचं नसतं.
इतरांचं तोंड महिनाभर कडू होतं, मग भूक परतते, माणसं उठून कामाला जातात.
पोटुशीशी हा आजार वेगळा वागतो.
का, ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही.

चाळीस दिवसांपूर्वीचं पाणी फक्त तिच्या सासूला आठवलं.
"त्या दिशी डोहाळजेवण हुतं न्हवं.
बोळातल्या समद्या बायका.
दोन घागरी सरबत केलं. ह्या हातानं."
मग तिनं ते हात पाहिले, पुढून, मागून.
प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता.

"हात नव्हे मावशी, पाइप," मी म्हटलं.
खरंच होतं ते,
तरी माझ्या कानाला
पाचव्या उपासासारखं लागलं.

अहवाल महापालिकेत गेला. पोच मिळाली.
पाइपला तूर्त रबर गुंडाळलंय, टिपुगडे मामांनीच, पदरच्या पैशानं.

परवा दुसऱ्या नमुन्यासाठी पुन्हा गेले.
मावशीनं काही न विचारता पातेलं चढवलं.
उकळी आली. म्हणाली, "आजून न्हाई."
मोठे बुडबुडे येईपर्यंत थांबली,
मग निवेपर्यंत.
आम्ही दोघी गप्प.
सहाला नळ गेला.
जमिनीखाली कुठंतरी ओढ लागली असेल.

मी पेला दोन्ही हातांनी घेतला.